अर्ध्यावर धरलेली शाल

मोठ्या माणसानं खांद्यावर घालायला आणलेली शाल अर्ध्यावर अडवायची नसते. एवढं वळण ज्या पोट्टीला नाही, तिनं आभाळातले ग्रह शोधले काय आणि नाही शोधले काय, सारखंच. मी शिकलेली नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण कुणाच्या हातातलं काय, केव्हा आणि कसं घ्यायचं, हे मला चांगलं कळतं. माझ्या सख्ख्या नातीला, प्राजक्ताला, कळत नाही. आज दुपारी अकोल्यात भरल्या सभागृहात सुंदराबाईंनी तिच्या एका खांद्यावर शाल टाकली, दुसरं टोक अजून त्यांच्या मुठीत होतं, आणि या पोट्टीनं त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, एखाद्या आजारी माणसाचं धरावं तसं. पण धरलं. माइककडे वळून म्हणाली, "हे घ्यायच्या आधी मला एक सांगायचंय. त्या ग्रहावर पाणी आहे असं आता म्हणता येत नाही. मी पुन्हा पाहिलं. माझं चुकलं होतं." वरती पंखे गरगरत होते. टाळ्या वाजवायला वर आलेले हात तसेच हवेत राहिले, मग एकेक करून मांडीवर गेले. पहिल्या रांगेत मी बसले होते, नवी पैठणी नेसून. माझेही हात वर होते. माझे हात खाली घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आता बोरगाव मंजू मागे गेलं आहे. गाडी किशोर चालवतो आहे. किशोर म्हणजे माझा मुलगा, प्राजक्ताचा बाप. कार्यक्रम सुटल्यापासून त्यानं आरशातसुद्धा मागं पाहिलं नाही. त्याच्या शेजारी माझी मुलगी आरती. ती अकोल्यालाच राहते, शाळेत विज्ञान शिकवते. उद्या सुट्टी म्हणून आमच्यासोबत अमरावतीला चालली आहे. आजचा सत्कार तिनंच जमवला होता, पत्रिका छापण्यापासून हारांपर्यंत. मागच्या सीटवर मी आणि प्राजक्ता, आणि आमच्या दोघींच्या मधे पिशवी. पिशवीत शाल आणि नारळ. शेवटी शाल दिलीच त्यांनी, घडी घालून, हातात; जशी उरलेली वस्तू देतात. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर फुललेली, पिवळीधम्मक, आणि त्या पिवळ्याचा मला राग येत होता. पोट्टी काचेला डोकं लावून बसली होती. केस आखूड कापलेले, गळ्यात काही नाही, कपाळाला काही नाही. मी एक शब्द बोलले नाही. माझं न बोलणं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा बोललेलं परवडतं म्हणतात.

पेपरात आलं तेव्हा तो पेपर मी स्वतः वाचला, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून. 'अमरावतीच्या कन्येला दूरच्या ग्रहावर पाण्याची खूण.' खाली फोटो. भाजीवालीला दाखवला, अंबादेवीच्या पायरीवर दाखवला, दातांच्या डॉक्टरकडे रांगेत बसलेल्या बायकांना दाखवला. एक म्हणाली, "काकू, आमच्याकडं नळाले आठ-आठ दिवस पाणी नाही, नातीले म्हणा तिकडची पाइपलाइन टाक." मी म्हटलं, "आधी तुमची पोरगी बारावी पास होऊ द्या, मंग पाइपलाइनचं पाहू." असं मी गावभर तोंड वाजवून बसलेली. आणि आरतीचा फोन आला, आई, इथल्या महिला मंडळाला प्राजूचा सत्कार करायचा आहे. मी विचारलं, शाल कोण घालणार? आरती जरा थांबली. मग म्हणाली, मंडळाच्या अध्यक्षा, सुंदराबाई. मी म्हटलं, ठरव. आजच्या आज ठरव.

कारण सुंदराबाईंचे हात मला ठाऊक होते. आरतीचं बीएस्सी झालं त्या उन्हाळ्यात त्या अमरावतीला आमच्या घरी आल्या होत्या, मुलासाठी आरतीला पाहायला. माहेर त्यांचं खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं गाव; सासर मात्र अकोल्यात मोठं. कुंडली आधीच जुळली होती, फोटो पसंत होता, नुसतं येऊन चहा पिऊन जायचं राहिलं होतं. तेव्हा माझं कोड हातावर आलेलं होतं. किशोरच्या वेळच्या बाळंतपणानंतर ओठाच्या कोपऱ्यात आधी उमटलं. मला वाटलं दूध पुसायचं राहिलं. पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं, मग आरशापुढे उभी राहून घासलं, ओठ सोलेपर्यंत. ते दूध नव्हतं. मग बोटांची टोकं, मग मनगट. नागपूरचा डॉक्टर म्हणाला, हे कुणाला लागत नाही, लेकराबाळांत उतरेलच असंही नाही. डॉक्टरचं बरोबर असेल. पण मुली पाहायला डॉक्टर येत नाहीत.

त्या दिवशी माझी जाऊ लीलाबाई मला स्वयंपाकघरात अडवून म्हणाली, "चहा माह्या हातानं जाऊ द्या, वैनी. तुमी आतच थांबा, डोकं दुखते म्हणून सांगू." मी म्हटलं, "झाकाले मी काय चोरी केली काय?" आणि ट्रे उचलला. आमचे हे, खुशालराव, दारात उभे होते. ते कधीच काही बोलत नसत, बोलायचं काम त्यांनी लग्नातच माझ्याकडे दिलं होतं. मी बैठकीत गेले. आरती आभाळी रंगाच्या साडीत, मान खाली. मला अजून ती खोली दिसते ती मी पाहिली तशी नाही, तर ट्रेमधून दिसावी तशी: कपांचे गोल, बशीत सांडलेला थेंब, माझे पांढरे अंगठे ट्रेच्या कडेवर, आणि त्या अंगठ्यांवर येऊन थांबलेली सुंदराबाईंची नजर. तिथून ती नजर उठली नाही. आरतीला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. नाव नाही, शिक्षण नाही, स्वयंपाक नाही. मी वाट पाहत होते, आता विचारतील, आता विचारतील. त्यांनी फक्त पदर सावरला आणि म्हणाल्या, "निघतो मंग आमी, ऊन होईल." चार दिवसांनी मध्यस्थानं निरोप आणला, पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका! पुढे तो निरोप अकोल्याहून अंजनगाव सुर्जीपर्यंत आमच्या आधी पोचत राहिला. पाहायला कुणी आलं नाही. एकदोन आले ते आधी मला पाहायचे. आरतीचं लग्न राहिलं ते राहिलंच.

त्यातलं काही मला इतकं टोचत नाही. टोचतो तो कप. पाहुणे गेल्यावर मी कप उचलायला गेले तर सुंदराबाईंचा कप भरलेला होता, तसाच, वर साय धरलेली. माझ्या हातचा म्हणून घेतला नव्हता. मी तो मोरीत ओतायला नेला. आरती मागून आली, माझ्या हातातून कप घेतला, आणि मोरीशी उभी राहून तो थंड चहा सायीसकट पिऊन टाकला. आभाळी साडीत. मग कप विसळत म्हणाली, "साखर बरोबर पडली होती, आई." त्यावर मी काय बोलायचं? मला सगळ्या जगाला उत्तर देता येतं. त्या वाक्याला अजून देता आलेलं नाही. नंतर नोकरी धरायची वेळ आली तेव्हा तिनं अकोलाच धरलं. मी विचारलं, कावून? म्हणाली, शाळा चांगली आहे. सुट्ट्यांमधे प्राजूला घेऊन चिखलदऱ्याला जायची, तिथं दिवे कमी, आभाळ मोठं. पोरीला तारे तिनंच दाखवले. म्हणजे आज सभागृहात जे झालं त्याचं मूळ तरी कुठं शोधायचं?

म्हणून मला ती शाल हवी होती. त्या हातांनी आमच्या घरच्या पोरीच्या खांद्यावर, सगळ्यांसमोर. कार्यक्रमाआधी सुंदराबाई मला भेटल्या. वाकल्या आहेत, जाड काचांचा चष्मा. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कितीतरी वेळ, आणि म्हणाल्या, "नशीब काढलं व तुमच्या नातीनं." मी हात तसाच ठेवला, मुद्दाम. पाहा म्हटलं, नीट पाहा. माझं कोड आता इतकं पसरलं आहे की मूळचं कातडंच चारदोन ठिकाणी डागासारखं उरलं आहे. त्यांना काही दिसलं नाही. त्यांना दिसतच नव्हतं, डोळे गेलेत, आणि आठवतही नव्हतं. मी इतकी वर्षं जिच्यासाठी उत्तर घासून ठेवलं होतं ती बाई समोर होती आणि तिच्याकडे प्रश्नच नव्हता. तेव्हाच खरं तर काहीतरी हललं. पण मी म्हटलं, असू दे, शाल तर पडू दे. आणि तीही अर्ध्यावर राहिली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे किशोरनं गाडी चहाच्या टपरीशी लावली. कागदी कप आले. प्राजक्तानं एक माझ्यापुढे धरला. "मले नको," मी म्हटलं. तिनं तो मधल्या पिशवीला टेकवून ठेवला, नारळाच्या खोबणीत.

"आई, घे ना," आरती पुढून, मागे न वळता.

"नको म्हटलं ना. ज्याले सत्कार नको, त्याच्या हातचा चहा आमाले नको."

किशोर हसल्यासारखं करून कप फुंकायला लागला. प्राजक्ता म्हणाली, "आजी, ऐकशील का जरा?"

"बोल. इथं माइक नाही तेवढं चालवून घे."

तिनं दोन्ही पाय वर घेतले, लहानपणी घ्यायची तसे. "तो ग्रह कुणालाच दिसत नाही. फार लांब आहे. दिसतो तो फक्त त्याचा तारा. ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. ग्रहाभोवती हवा असेल, तर थोडासा उजेड त्या हवेतून गाळून येतो. त्या गाळलेल्या उजेडात पाण्याच्या वाफेची खूण आहे का, ते आम्ही शोधतो."

"मंग? सापडली ना खूण? का तेही खोटं?"

"खूण खरी आहे. कुणाची आहे, ते चुकलं. त्या ताऱ्यावर डाग आहेत. आपल्या सूर्यावरही असतात, त्याच्यावर फार आहेत. तारा मुळात लहान, लालसर, कमी तापलेला. डाग त्याहून थंड. इतके थंड, की त्यांच्यातच पाण्याची वाफ टिकते."

"आगीत पाणी?" किशोर म्हणाला.

"वाफ, दादा," आरती म्हणाली. शाळेतल्यासारखी.

"ग्रह तर ताऱ्याच्या साफ अंगावरून गेला," प्राजक्ता म्हणाली. "डाग त्याच्या वाटेत आलेच नाहीत. पण आम्ही धरून चाललो, की तारा सगळीकडून सारखाच आहे. मग डागांमुळे उजेडात जो फरक पडला, तो आम्ही ग्रहाच्या नावावर टाकला."

"त्यानं डागाले हात न लावता?"

"हात न लावता."

बाहेर ऊस लादलेला ट्रॅक्टर गेला, आमची गाडी थरथरली, कपातला चहा थरथरला. मी विचारलं, कारण मी सहज मानणारी नाही, "हे तुले कोनं सांगतलं? कशावरून?"

"तारा फिरतो ना, आजी. डाग समोर येतात, मागे जातात, कमीजास्त होतात. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. समोर डाग जास्त असले की पाणी जास्त. डाग कमी, की पाणी कमी. ग्रहाच्या हवेतलं पाणी ताऱ्याचं तोंड बघून कशाला बदलेल?" मग हळू आवाजात म्हणाली, "सर म्हणाले होते, दुरुस्ती छापायला पाठवू, पण बाहेर बोलायची एवढी घाई नको. याच पाण्याच्या जोरावर मला जर्मनीला बोलावलंय. ते कदाचित आता होणार नाही. पण मी तिथं उभी राहिले, त्या आजी शाल घालत होत्या, आणि मला वाटलं, हे चोरून घेतल्यासारखं होईल."

जर्मनीचं मला ठाऊक होतं. तेही मी गावभर सांगितलं होतं. पण तिचा आवाज काचेला लागून परत आल्यासारखा येत होता, आणि मला पहिल्यांदाच दिसलं, की ती पोट्टी दुपारपासून रडू दाबून बसली आहे. माझ्या भीतीनं दाबून बसली आहे. मी म्हटलं, "म्हंजे त्या ग्रहावर पाणी नाही. असं साफ सांग न."

"असंही म्हणता येत नाही. असेल, नसेल. त्याला आम्ही अजून पाहिलंच नाही, आजी. आम्ही ताऱ्यालाच पाहून परत आलो."

पुढच्या सीटवर आरतीची मान होती. अंबाड्याखालचे केस पांढरे झाले आहेत, मला कधी दिसले नव्हते. ती मान हलली नाही. माझ्या कानात बैठकीतला ट्रे किणकिणला. ताऱ्यालाच पाहून परत आलो. इतकी वर्षं मी रात्रंदिवस एकच गोष्ट दोन बाजूंनी घासत आले: लीलाबाईंचं ऐकून मी आत थांबले असते तर? आणि का थांबावं? का थांबावं, का थांबावं. जणू आरतीला नाही म्हणालेल्या माणसांनी आरतीत काहीतरी पाहिलं होतं आणि ते मला झाकता आलं असतं. त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. ती माझ्यासमोरून गेली, साफ अंगावरून गेली, आणि माझं कोड तिच्या नावावर टाकून ती माणसं ऊन व्हायच्या आत अकोल्याला निघून गेले. पुन्हा पाहायला कुणी आलं नाही. आभाळातल्या दगडासाठी ही पोट्टी पुन्हा पुन्हा पाहत बसली, आपलीच फजिती होईल हे माहीत असून. आरतीसाठी कुणी दुसऱ्यांदा मान वर केली नाही. आणि मी तरी? मलाही इतकी वर्षं तिच्याकडे पाहिलं की तो कपच दिसत आला. शाळेतून थकून येऊन सुट्टीत पोरीला तारे दाखवणारी बाई मला कुठं दिसली? तिला काय आवडतं, ती कशानं हसते, अकोल्याच्या घरात संध्याकाळी ती काय करते, मला सांगता येणार नाही.

"मंग तो तारा वाईटच म्हनायचा," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला. मी हात पदरात घेतले होते. कधी घेतले कळलं नाही. मी कधी घेत नाही.

"वाईट कशाला?" प्राजक्ता म्हणाली. "तो नसता तर ग्रह आहे हेही कळलं नसतं. आणि डाग काही खरे काळे नसतात. बाजूच्या लखलखाटात काळे वाटतात, एवढंच. एखादा डाग उचलून एकटा आभाळात ठेवला, तर तोसुद्धा चमकेल." ती लहान असताना माझ्या हातावर बोट फिरवायची, कोडाच्या कडेकडेनं, नदीकाठानं चालल्यासारखी. सगळी पोरं थबकायची, ही कधी थबकली नाही. आताही तिनं माझ्या पदराकडे पाहिलं नाही, ती चहाच्या कपाकडे पाहत होती. वर साय धरली होती. तिनं तो उचलला, काचेची कळ दाबली. बाहेर ओतणार होती.

मी पदरातून हात काढला आणि तिच्या हातातून कप घेतला. थंडगार झालेला, साय ओठाला चिकटली. मी सगळा प्यायले. पुढच्या आरशात आरतीचे डोळे होते. आता ती मागं पाहत होती, आरशातून, अगदी सरळ. तिलाही तो कप आठवत होता. मी रिकामा कप पिशवीत टाकला, आतली शाल बाहेर ओढली. चांगली आहे, लोकरीची, मरून रंगाचा काठ. किशोर गाडी सुरू करायला गेला. मी त्याला थांब म्हटलं. शाल मी प्राजक्ताच्या दोन्ही खांद्यांवर घातली, मागून गळ्यापर्यंत नीट ओढली, अर्ध्यावर ठेवली नाही. पोट्टीचा खांदा हलायला लागला होता.

"रडू नको," मी म्हटलं. "तू लय उद्धट हायेस. मोठ्या मानसाचं मनगट धरत नसतात. जर्मनीवाल्याइले कळलं त कळलं, नाही त गेले उडत. पन प्राजू, त्या दिवशी आमच्या आरतीले पाहाले तू याले पाहिजे होती."